टीडब्ल्यूटी हेलिक्स: मोड 20 की 21, आणि ॲल्युमिनाच्या दांड्या

टीडब्ल्यूटी (ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब) ही मायक्रोवेव्ह सिग्नल वाढवणारी नळी; तारेच्या वेटोळ्यावरून, म्हणजे हेलिक्सवरून, हळू जाणारी लहर इलेक्ट्रॉनांच्या झोताकडून ऊर्जा घेते. तिच्या कोल्ड टेस्टमधला (झोताविना केलेल्या चाचणीतला) मोडक्रमांकाचा, म्हणजे हेलिक्सवर किती अर्धलहरी बसतात त्या आकड्याचा, घोळ अखेर सुटला. 2.98 गिगाहर्ट्झचं अनुनादाचं शिखर 20वं नसून 21वं आहे.

हेलिक्स 3000 व्होल्टच्या झोतासाठी बेतलेली: 0.4 मिमी तांब्याची तार, सरासरी व्यास 3 मिमी, पिच (लगतच्या वेढ्यांमधलं अंतर) 1 मिमी, लांबी 100 मिमी, दोन्ही टोकं पितळी चकत्यांनी शॉर्ट. लांबीची दुप्पट गुणिले फ्रिक्वेन्सी, भागिले मोडक्रमांक, हा लहरीचा वेग. खालचे मोड इतके क्षीण की मोजताना एखादा निसटतोच. 20 धरला तर सिंक्रोनस व्होल्टेज (इलेक्ट्रॉनांना लहरीइतकाच वेग देणारं) 2525 येतं, 21 धरला तर 2290. इलेक्ट्रॉन गन याच आकड्यावर बेतायची असल्याने अंदाजावर भागत नाही.

मणी ओढल्यावर उत्तर मिळालं. चकत्यांच्या मधोमध 0.5 मिमीची भोकं, त्यातून नायलॉनचा धागा, धाग्यावर इपॉक्सीचा साधारण 1 मिमीचा थेंब, हाच मणी. तो अर्धा-अर्धा मिमी सरकवायचा. अक्षावरचं विद्युतक्षेत्र जोरकस तिथे फ्रिक्वेन्सी उतरते, क्षेत्र शून्य असेल तिथे पूर्ववत होते. अशा शून्यांची संख्या म्हणजेच मोडक्रमांक, आणि ती 21 भरली. धागा सैल असला तर मणी अक्ष सोडतो, तिथे अरीय (अक्षापासून बाहेरच्या दिशेचं) क्षेत्रही असतं आणि शून्यं पुसट होतात. म्हणून धाग्याला 20 ग्रॅमचं वजन लावावं. सिग्नल आतबाहेर करणारे कपलिंग लूप दूर ठेवा, एस-21 (एका लूपकडून दुसऱ्याकडे पोचणारा सिग्नल) शिखरावरही उणे 40 डीबीच्या खाली हवा, नाहीतर लूपच शिखर हलवतात.

म्हणजे लहर 3000 व्होल्टच्या हिशेबापेक्षा साडेबारा टक्के मंद आहे. दोष हेलिक्सला धरून ठेवणाऱ्या ॲल्युमिनाच्या (सिरॅमिकच्या) तीन दांड्यांचा: परमिटिव्हिटी (जितकी जास्त तितकी लहर मंद) साडेनऊच्या आसपास, आणि त्या वेढ्यांच्या फटींवरच टेकतात, जिथे क्षेत्र सर्वांत दाट. व्होल्टेज 2290 वर आणणं सोपं वाटतं, पण तेवढ्याच करंटला परव्हियन्स (करंट भागिले व्होल्टेजचा दीड घात) दीडपट होतो आणि झोत एकवटणारे फोकसिंगचे चुंबक नव्याने बेतावे लागतात.

त्याऐवजी 1 मिमी क्वार्ट्झच्या दांड्या घातल्या, परमिटिव्हिटी 3.8. आता 18वा मोड 2.93 गिगाहर्ट्झला, म्हणजे 3010 व्होल्ट. फार समाधान वाटलं! शिवाय थर्मोकपल इन्सुलेटर म्हणून मिळणाऱ्या ॲल्युमिना दांड्या काचेवर लोळवल्या तर बहुतेक वाकड्या निघतात; काचकाम करणाऱ्याकडचं क्वार्ट्झ सरळ असतं.

क्वार्ट्झ उष्णता नीट वाहून नेत नाही, म्हणून जास्त पॉवरला बोरॉन नायट्राइड बघायचं ठरत होतं. पण लिहितालिहिता सुचलं: ॲल्युमिनाच घासून हेलिक्सकडची कड अरुंद केली तर? आधी तेच करून बघू. बेरिलिया (बेरिलियम ऑक्साइडचं सिरॅमिक) मात्र घासू नका, धूळ फुफ्फुसांना घातक आहे.

ग्राफाइटचा अटेन्युएटर (लहर क्षीण करणारा थर) सगळ्यात शेवटी. तो बसला की शिखरं रुंदावतात आणि मण्याचं मापन होत नाही.