बुलेटचं ऑइल प्रेशर आणि एक बारकी सील

यवतेश्वरच्या घाटात चढाला लागलो आणि इंजिनाचा आवाज बदलला. गाडी वडिलांची, 1978 ची बुलेट 350, जुनं कास्ट आयर्न इंजिन. टॅपेटची टकटक मला पाठ आहे. हा आवाज खालून येत होता, जड.

साताऱ्यात दोन ठिकाणी दाखवली. दोन्हीकडे एकच उत्तर, "प्रेशर कमी झालंय, सेट करून देतो." एकाने 20डब्ल्यू-50 काढून आणखी जाड ऑइल भरलं. गार इंजिनात आवाज दबला, गरम झाल्यावर पुन्हा तेच. मला मनापासून राग आला, कारण या इंजिनाला बाहेरून पिळून प्रेशर वाढवायचा स्क्रूच नाही.

शेवटी गोडोलीतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. इंजिनाच्या डोक्यावरचं, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या रॉकरचं झाकण काढून मी म्हणालो, "काका, इथं तर ऑइल येतंय."

"अरे, ते रिटर्न पंपाचं. बिग एंडला जातं ते वेगळं."

बुलेटला दोन प्लंजर पंप असतात. फीड पंप ऑइल फिल्टरमधून क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या टोकात ढकलतो, तिथून ते बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो त्या सांध्याला. रिटर्न पंप खाली साठलेलं उपसतो, आणि रॉकरला मिळतं ते त्यातलंच. वरती ऑइल दिसलं म्हणून खाली पुरेसं पोचतंय असं धरून चालत नाही.

काकांनी उजवीकडचं टायमिंग कव्हर उतरवलं. कव्हरमधून ऑइल क्रँकच्या टोकात शिरतं त्या जागी एक छोटी कॉर्कची सील असते. आमची चपटी होऊन कडक झाली होती, नख लावलं तर भुगा पडला. म्हणजे पंप ढकलत होता, पण बरंचसं ऑइल आत न जाता टायमिंगच्या कप्प्यातच सांडत होतं.

नवी सील बसवून काकांनी कव्हर नुसतं टेकवलं आणि माझा तळवा त्यावर ठेवला. "दाब. आता सोड." कव्हर किंचित मागे आलं. सील दबतेय याची हीच खूण. मग स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे आवळले. फिल्टरच्या कप्प्यात ऑइल भरलं, स्पार्क प्लग काढून पुष्कळ किका मारल्या आणि मगच गाडी चालू केली.

बिग एंडची बुश थोडी झिजलीच असणार, ते पुढे उघडून बघायचंय. रविवारी मात्र कासपर्यंत गेलो. घाटात वडील मागे बसले होते. वर पोचल्यावर उतरून म्हणाले, "आता आवाज आपल्या गाडीचा आहे."