मावशी, हे इंजिन टिकतं का हो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर गाडीचा विषय मी स्वतःहून काढत नाही. घरचे म्हणतात, हिने एकदा सुरुवात केली की पोहे गार होतात.

प्रश्न साधारण एकच असतो. इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या गल्लीत उभी असलेली २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस बघून कुणीतरी थांबतं, मागची अक्षरं वाचतं आणि म्हणतं, "मावशी, ही टर्बो ना? पेट्रोल? एवढी जुनी? टिकतं का हो हे इंजिन?" गेल्या वर्षभरात तीन पोरांनी तर "जुनी मिळतेय, घेऊ का?" असंच विचारलं. त्यांतल्या एकाची आई त्याच्या मागे उभी राहून मला 'नको म्हणा' अशा खुणा करत होती.

इंजिन टिकतं. इंजिनाभोवती जे गुंडाळलंय ते टिकत नाही. एवढ्या उत्तरावर पोरांचं समाधान होत नाही, म्हणून पुढचं.

१७८१ सीसी, चार सिलिंडर, बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी ८१ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ८६.४. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, तीन हवा आत घ्यायला आणि दोन धूर बाहेर काढायला. फोक्सवॅगन-ऑडीच्या घराण्यातलं हे इंजिन १९९०च्या दशकाच्या मध्यात ऑडी ए४ मध्ये आलं आणि मग पसाट, गोल्फ, ऑक्टाव्हिया, टीटी अशा सगळ्या भावकीत फिरलं. आपल्याकडच्या आरएसला ५७०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, १५० पीएस (अश्वशक्ती) मिळाले, युरोपातल्या आरएसला १८०. ऑडी टीटीत मोठा टर्बो आणि इतर फेरफार करून याच ब्लॉकमधून २२५ काढले. म्हणजे ज्या हमालाला सव्वादोन मण पेलतं, त्याच्या पाठीवर आपण दीड मण ठेवलंय. बीड फुटत नाही, क्रँक वाकत नाही, याचं निम्मं कारण हेच.

टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २१० न्यूटन मीटर. मी पॉलिटेक्निकला शिकवायचे तेव्हा हा आकडा फळ्यावर लिहून मुलांना कोड्यात पाडायचे, कारण त्याच ऑक्टाव्हियाच्या १.९ डिझेलचा टॉर्कही २१०च होता, पण ताकद ९० पीएस. असं कसं? ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. डिझेलचा जोर १९०० फेऱ्यांच्या आसपास येतो आणि मग ओसरत जातो. हे पेट्रोल १७५० पासून ४६०० पर्यंत तेवढाच जोर धरून ठेवतं. आलेख टेबलासारखा सपाट. गाडी चालवणाऱ्याला ते कळतं ते असं, की बडवाहहून इंदूरकडे येताना भेरूघाटात ट्रकमागे अडकलो आणि वाट मोकळी झाली, की गिअर बदलायची घाई करावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट याच्या बाजूची आहे आणि ती कुणी विचारत नाही. यात पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं. नंतरच्या टर्बो इंजिनांत ते थेट सिलिंडरमध्ये जातं, मायलेज सुधारतं, पण व्हॉल्व्हची पाठ पेट्रोलने धुतली जात नाही आणि तिच्यावर काजळी साचते. आमच्या म्हातारीला ते दुखणं नाही.

आता टर्बो. धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, त्याच्याच दांड्यावरचा दुसरा पंखा हवा दाबून आत ढकलतो. दांड्याचा वेग मिनिटाला लाखाच्या वर. एवढ्या वेगात तो तरंगतो तेलाच्या पातळ थरावर. तेल पोचलं नाही की संपलं. आणि इथे आपली माणसं काय करतात? मे महिन्यात घाट चढून सिमरोलला येतात, चहाची टपरी दिसली की घाटातल्याच जोरात आत वळतात आणि किल्ली फिरवतात. इंजिन बंद, पंप बंद, तेल जागच्या जागी थांबलेलं, आणि शेजारी एक्झॉस्ट धगधगतोय. त्या बारीक तेलनळीत तेल करपतं. कढईच्या कडेला फोडणी करपते तसंच, आणि तसंच खरवडूनही निघत नाही. शेवटचे दोन किलोमीटर सावकाश आणा आणि थांबल्यावर अर्धा मिनिट इंजिन चालू राहू द्या. आमचे हे त्या अर्ध्या मिनिटाला 'आरती' म्हणतात.

तेलाच्या बाबतीत मात्र मी कुणाचं ऐकत नाही. आडव्या बसवलेल्या या इंजिनात साधारण साडेचार लिटर तेल मावतं. पसाट आणि ए४ मध्ये हेच इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं, तिथे त्याहून कमी. कमी तेल, जास्त उष्णता, आणि लांबवलेली सर्व्हिस. त्यातून आत डांबरासारखा गाळ झाला, तेल ओढणारी जाळी तुंबली, इंजिनं बसली. अमेरिकेत मालकांनी यावरून दावा लावला आणि तो तडजोडीने मिटला. ऑक्टाव्हियाला हा धोका कमी, पण नाही असं नाही. पूर्ण सिंथेटिक, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२ ०० हे फोक्सवॅगनचं मानक लिहिलेलं तेल घालते, आणि साडेसात हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा बदलते. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणतो, मॅडम पैसे जाळता. जाळते.

आणि आता रबर. २०१८च्या मे महिन्यात खंडवा रोडवर गाडी अचानक दमली. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी, मागे काळा धूर, मीटरवर पिवळा दिवा. शहरातल्या एका चकचकीत वर्कशॉपमध्ये नेली. बॉनेट उघडून पाच मिनिटांत निकाल: "मैडम, टर्बो गया समझो." अंदाजपत्रक ८५ हजार. तीस वर्षं मुलांना तोंडी परीक्षेत घाम फोडल्यावर असा निकाल मी मुकाट्याने घेणं शक्यच नव्हतं. टर्बो गेल्यावर निळा धूर यायला हवा, तेल जळतं म्हणून. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. पेट्रोल जास्त का? सेन्सरने हवा मोजली, कॉम्प्युटरने त्या मापाने पेट्रोल दिलं, पण मोजलेली हवा इंजिनपर्यंत पोचलीच नाही. वाटेत कुठेतरी गळती.

सियागंज बाजारातून पाइपचं प्लास्टिकचं टोपण आणलं. पंक्चरवाल्याकडून त्याला भोक पाडून ट्यूबलेसचा वॉल्व्ह बसवला. एअर फिल्टरचा पाइप काढून तिथे हे टोपण घट्ट लावलं, पायपंपाने बेताची हवा भरली आणि भांड्याच्या साबणाचं पाणी सगळ्या नळ्यांवर शिंपडत गेले. टर्बोच्या खालच्या बाजूला, हात जेमतेम पोचतो तिथल्या रबरी कोपऱ्यातून फेसाचा हा एवढा फुगा. तेरा वर्षं आमच्या उन्हात आणि इंजिनाच्या धगीत भाजून रबर पापडासारखं झालं होतं. त्यात कुणाचा दोष नाही, वय झालं होतं. दिल्लीच्या कश्मीरी गेटहून २६०० रुपयांचा नवा पाइप आला. टर्बो आजही तोच आहे.

तेव्हापासून माझा नेम ठरला. हवेच्या नळ्या, क्रँककेसच्या श्वासनळ्या, दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधला रबरी पडदा, सगळं एकदाच बदलून टाकलं. ठिणगी पाडणारी इग्निशन कॉइल या पिढीत नाजूक म्हणून बदनामच, एक जादाची डिकीत असते. टायमिंगचा पट्टा किलोमीटर भरोत न भरोत, पाच वर्षांनी बदलते, सोबत पाण्याचा पंपही, कारण तो त्याच पट्ट्यावर फिरतो. पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि मग 'टिकतं का हो' हा प्रश्नच उरत नाही.

हल्ली नवी काळजी वीस टक्के इथेनॉलची. त्याचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याचा गुण, चांगला, टर्बोला तो सोसतो. पण जुनं रबर इथेनॉलला भितं आणि उष्मांक कमी म्हणून मायलेज पडतं. पेट्रोलच्या नळ्या मी आधीच बदलून घेतल्या.

टॉप स्पीड विचारणाऱ्यांना मी पिथमपूरचा रस्ता दाखवते. नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक तिथे २०२१ पासून आहे, हौस तिथे. एबी रोडवर नाही.

मग घ्यावी का? घरात ही एकच गाडी असणार असेल तर घेऊ नका, सकाळी ऑफिसला जायचं असताना ती रुसेल. दुसरी गाडी असेल तर जेवढ्याला मिळतेय तेवढेच पैसे बाजूला ठेवून मग घ्या. बघायला जाताना मालकाला सांगा, इंजिन सुरू करून ठेवू नकोस. थंड इंजिन स्वतः सुरू करा, मागे कुणाला तरी उभं करून धुराचा रंग बघा. सुरू करण्याआधी तेलाचं झाकण उघडून आत बोट फिरवा. बोटाला काळा गाळ लागला तर चहा पिऊन घरी या. आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते, तो आरटीओचा फेरा धरून चाला.

त्या खुणा करणाऱ्या माउलीचा परवा फोन आला. पोराने घेतलीच. "तुम्ही नको म्हणाला नाहीत," म्हणाल्या, आवाज जरा चढाच होता. मग थांबून म्हणाल्या, घाटात छान पळते हो, पण शिट्टी वाजते. रविवारी सकाळी दोघं घेऊन येतायत. टोपण शोधून ठेवलंय, साबणाचं पाणी तेवढं कालवायचं राहिलंय.