सुट्टीनंतरचा पहिला फोन

“आमच्या मॅनेजरना प्रभावी बोलायला शिकवा,” उन्हाळी सुट्टीनंतरच्या पहिल्याच फोनवर एचआरच्या मॅडम म्हणाल्या. मी विचारलं, मीटिंगमध्ये आधी कोण बोलतं?

“साहेब. मग बाकीचे माना डोलावतात.”

दिवसभर हे वाक्य डोक्यातून जाईना. वरिष्ठांचं मत आधी कळलं की बाकीची मतं तिकडेच झुकतात. ज्याला धोका दिसलाय, तो गप्प बसतो. किती नुकसान होतं याने!

म्हणून येत्या कार्यशाळेत भाषणकला नाही. प्रत्येकाने आधी मत कागदावर लिहायचं, सगळ्यात नवख्याने पहिलं वाचायचं, साहेबांनी शेवटी. निनावी 360 अंश फीडबॅक, म्हणजे वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालचे अशा सगळ्यांकडून अभिप्राय, त्यानंतर. स्वतंत्र सल्लागार असल्यामुळे हे स्पष्ट सांगता येतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

तुमच्याकडे साहेबांना “मला पटत नाही” म्हणालेलं शेवटचं कधी ऐकलंत?