हँडब्रेकची कटकट

गाडीतली बाकी सगळी यंत्रं गाडी चालताना राबतात. हँडब्रेकची पाळी गाडी थांबल्यावर येते. मालक दार लावून निघून जातो, आणि हा रात्रभर त्या धुडाला धरून बसतो. म्हणूनच मागचे ब्रेक नवे बसवल्यावर नेमका तोच ढिला पडला, तर फार चुटपुट लागते. सामान नवं, पेडल झकास लागतंय, पण हँडल कट-कट-कट करत पार छताकडे निघालंय आणि तरी गाडी उतारावर सरकतेच आहे. पेडल काय आणि हँडल काय, दोघंही दाबतात तेच मागचे शू, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून टेकून त्याला अडवणारे बाकदार तुकडे. मग एकाला जमतं ते दुसऱ्याला का जमू नये?

दोघांच्या वाटा वेगळ्या म्हणून. पेडलचा जोर ब्रेकच्या तेलातून जातो. शू ड्रमपासून जरा लांब राहिला तरी तेल ते अंतर भरून काढतं. पाय थोडा खोल जातो इतकंच. हँडलच्या हाती मात्र एक पोलादी तार. पूर्वी सगळेच ब्रेक असे सळया आणि तारांवर चालायचे. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग या अमेरिकी कंपनीनं आपल्या गाडीच्या चारही चाकांना तेलाचे ब्रेक दिले, मग हळूहळू सगळ्यांनीच तारा सोडल्या. हँडब्रेकनं सोडली नाही, आणि त्याला कारण आहे. दाबाखालचं तेल तासन् तास तसंच राहील याची खात्री नसते, म्हणून उभ्या गाडीचा ब्रेक निव्वळ यांत्रिक पकडीनंच अडकून राहिला पाहिजे असा नियम आहे. हँडलखालचे ते दाते आणि त्यांत अडकणारी जीभ म्हणजे ही पकड.

आता या तारेकडून अपेक्षा किती, ते पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच क्रमांकाच्या वाहननियमानुसार पार्किंग ब्रेकनं पूर्ण भरलेली गाडी २० टक्के चढावर आणि तितक्याच उतारावर जागच्या जागी धरायला हवी. २० टक्के म्हणजे १०० फूट पुढे जाताना २० फूट वर. हजार किलोची गाडी अशा जागी साधारण १९६ किलोच्या जोरानं खाली ओढत असते. आणि हाताकडून मागायची परवानगी आहे ४०० न्यूटनची, म्हणजे ढोबळमानानं ४० किलोची. उरलेलं काम तरफांनी करायचं. एक तरफ हँडलचीच, दुसरी तारेच्या शेवटी ड्रमच्या आत.

पण तरफ फुकट काही देत नाही. जोर वाढवून देते, त्याचे पैसे अंतरात घेते. हात वीतभर वर येतो तेव्हा शू जेमतेम मिलिमीटरच्या हिशेबात सरकतो. त्यामुळे शू आणि ड्रम यांच्यात जराशी फट जास्त राहिली, तर ती भरण्यातच हँडलचे बरेच दाते खर्ची पडतात. दाबायची वेळ येईपर्यंत हँडलची खेचच संपलेली असते. ढिल्या हँडब्रेकचं सगळं गुपित या हिशेबात आहे, आणि गंमत अशी की ते हँडलपाशी बसून कधीच दिसत नाही.

हँडलपाशी दिसतो तो नट. कव्हर उचललं की तारेचे आटे आणि त्यावरचा नट समोरच असतो. पाना लावायचा, चार फेरे आवळायचे, हँडल लगेच कडक. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आवळलेली तार ड्रममधल्या तरफेला कायम थोडी ओढून ठेवते. मग शू पूर्ण मागे येत नाहीत, चाक घासत राहतं, ड्रम तापतो, आणि बऱ्याच गाड्यांत आपोआप फट भरून काढणारा ॲडजस्टरही काम थांबवतो, कारण त्याला ती तरफ तिच्या मूळ जागी परत आलेली लागते. म्हणजे ज्यानं पुढे हे दुखणं आपोआप निस्तरलं असतं, त्यालाच आपण बांधून टाकलं.

ब्रेक बदलल्यावरच ही तक्रार का येते, याची एक गोष्ट मला फार पटते. जुने शू झिजत होते तसतशी वर्षानुवर्षं कुणी ना कुणी तार आवळत आलेलं असतं. नवे जाड शू आले की ड्रम वर चढेनाच. म्हणून तार पूर्ण सैल करतात, किंवा ॲडजस्टर आखडून घेतात, बहुधा दोन्ही. ड्रम बसतो, चाक लागतं, आणि सैल केलेलं पुन्हा जागेवर आणायचं राहून जातं.

तेव्हा काम चाकापासून सुरू करायचं आणि हातापाशी संपवायचं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, इंजिन पुढची चाकं फिरवत असेल तर गाडी गिअरमध्ये, मागची बाजू नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर. कारण ज्या ब्रेकच्या भरवशावर एरवी गाडी उभी असते तोच आता सोडलेला आहे. तार सैल ठेवून ॲडजस्टरचं दातेरी चाक फिरवत जायचं. शू ड्रमला किंचित चाटून जाण्याचा आवाज येईल आणि चाक तरी हातानं फिरेल, तिथे थांबायचं. काही गाड्यांत डाव्या-उजव्या ॲडजस्टरचे आटे उलटसुलट असतात. ते एकमेकांच्या जागी गेले तर प्रत्येक वेळी फट कमी व्हायच्या ऐवजी वाढते. हा घोळ ज्यानं केला त्याला तो सहसा सापडत नाही, नंतर येणाऱ्याला सापडतो. पेडल काही वेळा दाबून शू मध्यावर बसू द्यायचे, फट पुन्हा बघायची. मग कुठे तार. किती दात्यांवर चाकं धरली पाहिजेत ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

एकच चाक धरत असेल तर तारेकडे संशयानं बघावं. आवरणात पाणी शिरून गंजलेली तार ओढताना अडते आणि सोडल्यावर परत येत नाही. दोन्ही चाकांना ओढ वाटून देणारी आडवी पट्टी तराजूच्या दांडीसारखी मोकळी हलायला हवी. ती गंजून बसली की न्याय एकाच बाजूला. शू तेलानं ओले दिसले, तर मात्र ॲडजस्टमेंट वगैरे विसरा. व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबानं शू ढकलणारा) किंवा ॲक्सलचं सील गळतंय, आधी ते.

मागे ड्रमऐवजी डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, असेल तर तऱ्हा निराळी. त्या तबकडीला पॅडनी दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या कॅलिपरमधूनच हँडब्रेक चालत असेल, तर बऱ्याचदा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवत आत न्यावा लागतो. काहींत त्याच्या तोंडावरची खाच पॅडच्या पाठीवरच्या खुंटीशी जुळवावी लागते. आणि सगळं बसल्यावर पहिला हात हँडलला लावायचा नाही. आधी पेडल पुन्हा पुन्हा दाबायचं, म्हणजे पिस्टन पुढे येऊन आतली फट भरते. हे न करता तार आवळणाऱ्यांची संख्या बरीच असावी. काही गाड्यांत डिस्कच्या पोटातच छोटा ड्रम आणि हँडब्रेकपुरते वेगळे शू असतात. पॅड बदलताना त्यांची कुणाला आठवणच होत नाही. बटणाच्या हँडब्रेकला कटकट नाही, पण पॅड बदलण्याआधी त्याच्या मोटरला सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या स्थितीत, मागे न्यावं लागतं. मला व्यक्तिशः दातेच बरे वाटतात. किती आले ते मोजता येतं, वाढले की कळतं.

एवढं करूनही सुरुवातीला पकड जरा कमी वाटली तर लगेच पाना उचलू नये. जुना ड्रम आतून झिजून मोठा झालेला असतो, नवा शू त्याला आधी मधल्या भागातच टेकतो. थोडं चालवल्यावर तो घासून घासून ड्रमचा आकार घेतो आणि पकड वाढते. ड्रमवर कमाल व्यास ओतीव अक्षरांत लिहिलेला असतो. त्यापुढे गेलेल्या ड्रमला ही सवलत नाही, तो बदलायचाच.

मग उतार शोधावा, आणि गाडी दोन्ही तोंडांनी उभी करून पाहावी, कारण ड्रममध्ये फिरण्याच्या दिशेनं ओढला जाणारा शू स्वतःच जास्त दाबला जातो, आणि दिशा बदलली की ते काम दुसऱ्या शूकडे जातं. पाहताना आपण सीटवरच असावं, पाय पेडलच्या वर तयार. खाली उतरून लांबून कौतुकानं बघायची घाई नको.