अळणीचे दिवस

वरच्या जबड्यात दातांच्या इम्प्लांटचे सहा स्क्रू आणि तिसऱ्या दिवशी त्यांवर बसवलेली दातांची अख्खी तात्पुरती कवळी. आरशात पाहिलं तर मी पंचविशीतला दिसत होतो. डॉक्टर म्हणाले, "हसा भरपूर, पण चावायचं नाही. चमच्यानं दाबून मोडेल तेवढंच खायचं. दोन-तीन महिने."

म्हणजे दातही आहेत, चणेही आहेत, आणि दोघांची भेट नाही.

कारण विचारलं तर त्यांनी सशाची गोष्ट सांगितली. स्वीडनमधल्या ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवली होती. काम झाल्यावर काढायला गेले, तर निघेचना. हाडानं ती आपलीच मानली होती. १९६५ साली हाच प्रकार पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात केला. पण हाडाला ओळख पटायला काही महिने लागतात. तेवढ्यात स्क्रू हलत राहिला तर भोवती हाडाऐवजी मऊ पडदा धरतो, आणि मग सगळं मुसळ केरात.

पहिले दोन दिवस गार आणि पातळ. ताक, शहाळं. शहाळ्याला स्ट्रॉ नाही, कारण ओढताना जखमेवरची रक्ताची गुठळी सुटू शकते. मी ते पाणी वाटीत ओतून चमच्यानं पीत होतो. पुढं गुरगुट्या भात, मुगाची खिचडी, नाचणीची आंबील. बायकोनं हुलग्याचं माडगंही गाळून दिलं. भडंग, शेव, तिळाची चटणी घरातून हद्दपार. बारीक कण टाक्यांत अडकतात म्हणे. मेहुण्यानं गंगावेशीवरच्या दूध कट्ट्यावर न्यायची तयारी दाखवली. तिथलं धारोष्ण दूध म्हणजे पैलवानाचं औषध, पण तोंडात ओल्या जखमा असताना कच्चं दूध नको म्हणून तेही राहिलं. घरी उकळून गार केलेलं प्यायलो. पैलवानकी बोंबलली.

खरी परीक्षा रविवारी.

कोल्हापुरात रविवारी मटण शिजत नाही असं घर शोधायला जावं लागेल. हळद, आलं-लसूण लावून मटण शिजवलं की जे पाणी उरतं ते अळणी. तेच पुढं तिखटाच्या वाटणात गेलं की तांबडा रस्सा, नारळाच्या दुधात गेलं की पांढरा. इतकी वर्षं मी या दोघांवरून वाद घातले, पण त्यांच्या आईकडं कधी बघितलं नव्हतं. पाहुण्यांना कोण अळणी वाढतं? ती बाळंतिणीची, लहान पोरांची, आजाऱ्याची. आता बायको तांबड्याला फोडणी द्यायच्या आधी एक वाटी बाजूला काढायची. मीठ बेताचं, तिखट शून्य, कोमट.

पहिल्या रविवारी मी ती औषधासारखी प्यायलो. समोर मेहुणा नळी ताटावर आपटत होता. तो आवाज कुणी रेकॉर्ड करून ऐकवला तरी माझ्या डोळ्यांत पाणी येईल. तिसऱ्या रविवारी मात्र लक्षात आलं, की बोकड कोवळा आहे का जून, हे तांबड्यात कधी कळलंच नव्हतं. अळणीत ते लपत नाही. पाचव्या रविवारी मी चक्क म्हणालो, "गेल्या वेळचं मटण बरं होतं." बायकोनं नुसतं बघितलं.

परवा पुतणी दहा महिन्यांच्या लेकाला घेऊन आली. मीठ घालायच्या आधी त्याची वाटी काढली, मीठ घातल्यावर माझी. दोघं शेजारी बसून चमच्यानं पीत होतो. त्याला खाली नुकतेच दोन दात आलेत.

"अहो, याला टोस्टचा तुकडा देते," बायको म्हणाली, "तुम्ही मात्र त्याला हात लावू नका."