पक्षी बसणार कुठं, तुमच्या डोक्यावर?

सकाळी साडेसहाला आंजर्ल्याच्या खाडीवर दुर्बीण लावून उभा. समोर नुसतं पाणी. चिखल कुठंच नाही, त्यामुळे पक्षीही नाहीत. लांब सुरूच्या शेंड्यावर एक घार, तीही पाठ करून.

बांधावरून एक काकी शेळ्या हाकत आल्या. "काय बघताव?"

"पक्षी."

"आज दशमी. पानी भरतंय अजून. पक्षी बसणार कुठं, तुमच्या डोक्यावर?"

आणि गेल्या. शेळ्याही हसल्यासारख्या वाटल्या.

हिशोब मलाही माहीत होता, आजोबांनी शिकवलेला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ. दहाचे साडेसात. म्हणजे मी ऐन भरतीला, तेही थर्मासभर चहा घेऊन पोचलो होतो! मोबाइलवर सूर्योदय पाहिला, हवामान पाहिलं. तिथी पाहायचं सुचलंच नाही.

चडफडत घरी गेलो, साडेअकराला परत आलो. पाणी बरंच उतरलं होतं. आखूड चोचीचे चिखल्या पक्षी धावत-थांबत वरवरचं टिपत होते. कुरल मात्र वाकडी लांब चोच मुळापर्यंत आत खुपसत होता. चिखल एकच, पण दोघांचं जेवण वेगवेगळ्या मजल्यांवर. ऊन डोक्यावर, फोटो सगळे पांढरे आले. पक्ष्यांना त्याचं काय? त्यांचा दिवस ओहोटीला उजाडतो, आणि तो रोज पाऊण-एक तास पुढे सरकतो.

काकींनी आकाशाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. आज कुठली तिथी, हे कॅलेंडर न बघता तुमच्यापैकी किती जणांना सांगता येईल?