अंगणवाडीतील मुलांचे वागणे आणि सेविकांचे प्रशिक्षण

अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात मुलांच्या वागण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: जे मूल ऐकतच नाही, त्याचे काय करायचे? प्रश्न रास्त आहे. एका खोलीत तीन ते सहा वर्षांची मुले, पलीकडे शिजत असलेली खिचडी, मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये भरायची माहिती आणि बाळाचे वजन करून घ्यायला दारात उभी असलेली आई, अशा वेळी एखादे मूल दुसऱ्याला चावले तर सेविकेला उपाय तिथल्या तिथे हवा असतो. तरीही माझे ठाम मत आहे की, प्रशिक्षणाची सुरुवात उपायांपासून करू नये. आधी त्या मुलाकडे नीट पाहायला शिकवावे.

त्यासाठी आम्ही एक साधा सराव घेतो. चालू अंगणवाडीत कोपऱ्यात बसायचे, अर्धा तास एकाच मुलाकडे लक्ष ठेवायचे आणि कागदावर तीन रकाने आखून आधी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले, एवढेच लिहायचे. सुरुवातीच्या नोंदी ‘हट्टी आहे’, ‘मुद्दाम ढकलतो’, ‘घरी लाडावून ठेवलाय’ अशाच येतात. हे मत झाले, प्रत्यक्ष काय दिसले ते लिहा, असे सांगितले की कागद हळूहळू भरू लागतो. चार वर्षांच्या एका मुलाची अशी नोंद माझ्या चांगली लक्षात आहे. आहारापूर्वी हात धुण्यासाठी सगळ्या मुलांची एकच रांग लावली होती; बादली एक, पाणी घ्यायचा मगही एकच, आणि मदतनीसताई एकेकाच्या हातावर पाणी घालत होत्या. हा मुलगा रांगेच्या शेवटी होता. बराच वेळ थांबल्यावर त्याने पुढच्या मुलीला ढकलले, तेव्हा सेविका रागावल्या आणि भांडण वाढू नये म्हणून त्याला हाताला धरून पुढे आणले व आधी त्याचेच हात धुतले. तिसरा रकाना मोठ्याने वाचताना त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे ढकललं की नंबर लागतो, हे आपणच त्याला शिकवतोय.”

पुढची चर्चा त्यांनीच केली. सगळ्यांना एकदम उभे करण्याऐवजी चार-पाच मुलांना उठवायचे आणि बाकीच्यांचे बडबडगीत चालू ठेवायचे, असे ठरले. ‘ढकलू नको’ एवढेच म्हटल्याने काय करायचे ते मुलाला कळत नाही, म्हणून ‘ताई, माझा नंबर कधी?’ असे विचारायला त्याला शिकवायचे, आणि तेही रांगेत रडारड चालू असताना नव्हे, तर सकाळी सगळे शांत असताना, बाहुल्यांच्या खेळातून. या वयात वाट पाहणे खरोखरच अवघड असते, कारण स्वतःला आवर घालण्याचे काम करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. चार वर्षांच्या मुलाकडून मोठ्यांच्या संयमाची अपेक्षा ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केले, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडला गेले, आणि अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी आदिवासी पाड्यांवरच्या अंगणांत बालशिक्षण नेले. मूल येत नसेल तर दोष मुलात शोधण्याऐवजी व्यवस्था बदलायची, हा विचार त्यामागे होता. त्याच भागात आजही घरी वारली बोलणारे मूल प्रमाण मराठीतली सूचना न समजल्यामुळे जागचे हलत नाही आणि ते ‘ऐकत नाही’ असा शेरा बसतो. वर्तनाच्या प्रशिक्षणात मुलाच्या घरच्या भाषेचा विषय यायलाच हवा.

अंगणवाड्या ज्या योजनेतून आल्या, ती एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्यात पोषण, लसीकरण आणि नोंदवह्या यांच्या भाराखाली पूर्वप्राथमिक शिक्षण बराच काळ मागे राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाची पदविका सुचवली. २०२३ मध्ये अंगणवाडीत पोषणाबरोबर शिक्षणावरही भर देणारा ‘पोषण भी पढाई भी’ हा उपक्रम आला. हे सारे स्वागतार्ह आहे. मात्र सभागृहात ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशीच्या गोंधळात टिकत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. अमेरिकेत मुलांच्या सामाजिक-भावनिक विकासासाठी तयार झालेल्या ‘पिरॅमिड मॉडेल’मध्ये प्रशिक्षणाइतकेच महत्त्व शिक्षिकेच्या वर्गात येऊन बसणाऱ्या, पाहणाऱ्या आणि नंतर तिच्याशी बोलणाऱ्या मार्गदर्शकाला दिले जाते. आपल्याकडे ही व्यक्ती आयती आहे: अंगणवाड्यांना भेटी देऊन देखरेख करणारी मुख्यसेविका. तिच्या भेटीतला निम्मा वेळ जरी रजिस्टर तपासण्याऐवजी मुलांमध्ये बसण्यात गेला, तरी सेविकेला आपल्या अडचणी बोलून दाखवायला हक्काचे माणूस मिळेल.

शिक्षेबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. परंतु त्या कायद्यातील बालक ६ ते १४ वर्षांचे आहे. त्याहून लहान, आपली तक्रार शब्दांत मांडू न शकणारे मूल त्या कलमाच्या कक्षेबाहेर राहते, म्हणून ‘चापट मारायची नाही’ हा नियम प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी, कारणांसह सांगायला हवा.

आणखी एक आग्रह आहे. वर्तनाच्या सत्रांना मदतनीसताईंनाही बोलवावे. मुलांना घरून आणणाऱ्या, हातपाय धुणाऱ्या आणि पहिला घास भरवणाऱ्या त्याच असतात. सकाळी मूल कोणत्या मनःस्थितीत घरातून निघाले, हे अनेकदा फक्त त्यांनाच माहीत असते, आणि तीन रकान्यांतला पहिला रकाना त्यांच्याशिवाय पुरा होत नाही.